फुल-बॉडी सिगारची चव नेमकी तपासायची कशी? समोर आहे पार्तागास सेरी डी नंबर ४

पर्वतीपायथा

पार्तागास सेरी डी नंबर ४ या क्युबन सिगारचा दहाचा डबा आहे. तीन झाले, सात शिल्लक. तिन्हींचा निकाल वेगळा. पहिल्यात मिरी आणि कॉफी स्वच्छ लागली, पण अर्ध्यानंतर कडवटपणा चढत गेला. दुसरा आतून बोगद्यासारखा जळत गेला आणि वरचं पान तसंच राहिलं. तिसऱ्याची ओढ इतकी घट्ट की गाल दुखावेत.

साठवण: घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ६९ टक्क्यांची दोन ह्युमिडिटी (ओलावा राखणारी) पाकिटं, ओलाव्याचा डिजिटल काटा ७० दाखवतो. ठिकाण पुणे, महिना जुलै. कापायला पंच कटर (डोक्याला गोल भोक पाडणारा), पेटवायला एका ज्योतीचा टॉर्च लायटर.

विचारायचं असं की 'स्ट्रॉंग' आणि 'फुल-बॉडी' हे एकच का? उरलेल्या सातांवर नीट मत बनवायचं तर ओढताना काय, कधी आणि कसं टिपायचं? आणि वरचे तीन दोष सिगारचे धरायचे की साठवणीचे? इंग्रजी परीक्षणांत 'लेदर, बार्नयार्ड, सीडर' असं काहीबाही असतं, त्याचाही अर्थ लागला तर बरं.

लिगेरो

आधी शब्दांची गाठ सोडवू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

स्ट्रेंथ म्हणजे निकोटीन किती चढतं ते. हे जिभेवर कळत नाही, डोक्यात आणि पोटात कळतं. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती जड, किती दाट वाटतो. फ्लेवर म्हणजे चव किती ठळक आणि किती पदरी आहे. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बासुंदी दाट असते पण सौम्य. तांबडा रस्सा पातळ असतो पण जाळत जातो. सिगारमध्येही दाट धुराचा पण डोकं न फिरवणारा माल मिळतो, आणि पातळ धुराचा पण घाम फोडणाराही. त्यामुळे वहीत तिन्हींना वेगळा रकाना द्या, नाहीतर 'जबरदस्त होता' एवढंच लिहून होतं आणि महिन्याभराने त्याचा काही उपयोग नसतो.

ताकद येते कुठून? तंबाखूच्या रोपावर पान जितकं वर, तितकं त्याला ऊन जास्त, तितकं ते जाड, तेलकट आणि तीव्र. क्युबात खालच्या पानाला वोलादो म्हणतात. त्याचं मुख्य काम जळत राहणं. मधलं सेको, ते सुगंधाचं. वरचं लिगेरो, ते ताकदीचं. काही रोपांच्या अगदी शेंड्याला मेदियो तिएम्पो नावाची एक-दोन पानं येतात. २०१० मध्ये आलेल्या कोहिबा बेहिके या सिगारचं नाव झालं ते त्यांच्यामुळे. सेरी डी नंबर ४ मध्ये लिगेरोचा वाटा मोठा आहे, म्हणून तो ताकदीतही भारी. लिगेरो इतर पानांपेक्षा बराच जास्त काळ मुरवावं लागतं, आणि जळतंही सावकाश. म्हणून वळणारा ते मिश्रणाच्या मधोमध ठेवतो. ते एका कडेला सरकलं की सिगार होडीसारखा एका बाजूने जळतो.

एक गैरसमज इथेच काढून टाका: काळं पान म्हणजे कडक सिगार, हे खरं नाही. मादुरो, म्हणजे काळपट, रॅपर (सर्वांत बाहेरचं पान) काळा होतो तो जास्त उष्णतेत, जास्त काळ आंबवल्यामुळे, आणि बऱ्याचदा त्याने गोडवा येतो. मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं काळंभोर पान आत मऊ मिश्रण असलेल्या सिगारवरही चढवतात. ताकद आतल्या पानांवर ठरते, अंगरख्यावर नाही.

आणि धूर छातीत घ्यायचा नाही. सिगारेटच्या धुरापेक्षा सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच शोषलं जातं. 'गिळला नाही तरी चढतो कसा' याचं उत्तर हे.

मीठभाकर

तुमच्या तीन दोषांपैकी दोन मला पाण्याचे दिसतात. कडक सिगारबद्दलची निम्मी मतं खरं तर ओलाव्याबद्दलची असतात. तंबाखूची पाळी नंतर येते.

सुरुवात काट्यापासून. स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर ४-५ टक्क्यांनी खोटं बोलतो. बाटलीचं एक झाकण मिठाने भरा, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि काटा एका झिप पिशवीत बंद करून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा. संपृक्त मिठावरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्के राहते. काटा ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो, आणि तुमचे ७० म्हणजे प्रत्यक्षात ७४. त्या ओलाव्यात क्युबन रोबुस्तो (तुमच्यासारखा आखूड, जाड आकाराचा सिगार) नीट जळणारच नाही.

पाकिटावर ६९ लिहिलंय म्हणून डब्यात ६९ राहील असंही नाही. जुलैत पुण्यात बाहेरची हवा ८५ च्या आसपास असते. झाकण दिवसातून दोनदा उघडलं की ती आत येते. पाकिटं जादा पाणी पितात, पण फुगून टम्म झाली की त्यांची ताकद संपते. चाचपून बघा.

क्युबन फुल-बॉडीसाठी मी ६५, आणि चाखायच्या आधी ६२ असं सांगेन. ६९-७० हा जुना आकडा निकाराग्वाच्या किंवा डोमिनिकन सिगारना एक वेळ चालतो. ६५ ची पाकिटं टाकल्यावर दोन-तीन आठवडे हात लावू नका, कारण बाहेरचं पान लवकर सुकतं आणि गाभा मागे राहतो. घाई असेल तर ज्या सिगारची पाळी आहे तो ६२ च्या पाकिटासोबत वेगळ्या छोट्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. याला ड्राय-बॉक्सिंग म्हणतात. उघड्यावर टेबलावर ठेवून सुकवणं नागपूरला मे महिन्यात रॅपर तडकवेल आणि पुण्याला जुलैत उलट भिजवेल.

डब्यात लाकूड घालायचं असेल तर देवदार मुळीच नको. 'स्पॅनिश सीडर' नावाने जे लाकूड वापरतात ते खरं देवदाराच्या जातीचं नाहीच, ते महोगनीच्या कुळातलं आहे. आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा नातलग. देवदारातलं राळयुक्त तेल तंबाखूत उतरतं आणि मग प्रत्येक सिगारला फर्निचरच्या दुकानाचा वास.

तापमान १८ ते २० च्या आसपास हवं. २४-२५ च्या वर तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायचा धोका वाढतो. रॅपरवर टाचणीएवढं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली तर किडा लागला समजा. हवाबंद दुहेरी पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी खोलीत. पायऱ्या गाळल्या तर रॅपर फाटतो. घरचा फ्रीझर जेमतेम उणे १८ ला जातो, म्हणून तीन दिवसांऐवजी आठवडा द्या. क्युबन सिगार निर्यात करणारी हाबानोस कंपनी निर्यातीआधी माल गोठवते, तेव्हा थंड जागी ठेवलेल्या डब्याला हा उपद्व्याप लागत नाही.

पांढरी पावडर दिसली तर विक्रेता 'प्लूम आहे, उत्तम मुरल्याची खूण' म्हणेल. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. रॅपरवर थोडी असेल तर कोरड्या ब्रशने पुसून निघते. पेटवायच्या टोकावर, आतल्या पानांत दिसली तर तो सिगार टाका.

धूरकेतू

मीठभाकर यांनी पाण्याचं सांगितलं, मी ओढण्याचं सांगतो. सेरी डी नंबर ४ रोबुस्तो आहे: लांबी १२४ मि.मी., रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे व्यास सुमारे १९.८ मि.मी. शेवटचे ३० मि.मी. सोडून द्यायचे. उरले साधारण ९५. कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर ३२, ६४ आणि ९५ ला खुणा करा आणि ती राखदाणीशेजारी ठेवा. झाले तुमचे तीन भाग.

हाताने तपासणी पेटवण्याआधी. अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबत टोकापासून टोकापर्यंत जा. स्पंजासारखा दबला आणि परत आला नाही तर ओला किंवा कमी भरलेला. एका जागी खडा लागला तर तिथे ओढ अडेल. कानाशी करकर वाजला तर कोरडा. सोनारी छोटा काटा असेल तर सातही तोलून वजनं लिहून ठेवा. एकाच ओलाव्यात ठेवलेल्या सातांत दीड-एक ग्रॅमचा फरक निघाला तर सर्वांत जड असलेला घट्ट निघायची शक्यता जास्त. तो आधी किंवा शेवटी ओढू नका, आणि एकट्या त्याच्यावरून तर मत बनवूच नका.

पंच कटर बाजूला ठेवा. पंचचं भोक लहान, त्यातून सगळा धूर आणि सगळं डांबर एकाच ठिकाणी येतं. लिगेरो जास्त असलेल्या सिगारमध्ये दुसऱ्या अर्ध्यात त्या भोकाच्या कडेला तपकिरी थेंब जमतो आणि तो जिभेच्या टोकाला लागतो. तुमच्या पहिल्या सिगारचा कडवटपणा काही अंशी हाच असणार. दुहेरी पात्याच्या कटरने कॅपचा (डोक्यावर चिकटवलेल्या पानाच्या टोपीचा) फक्त दीड-दोन मि.मी. भाग उडवा. क्युबन सिगारच्या डोक्यावर कॅपच्या तीन कडा एकाखाली एक दिसतात, त्यांतल्या सर्वांत खालच्या कडेच्या वर राहा. खाली गेलात की रॅपर उलगडायला लागतो.

कापल्यावर लगेच पेटवू नका. चार-पाच वेळा न पेटवता हवा ओढा. नारळपाण्याची स्ट्रॉ आठवा: हलकासा विरोध जाणवला तर ठीक, मलई अडकल्यासारखं झालं तर प्लग, म्हणजे आत बोळा, आणि रिकाम्या नळीसारखं लागलं तर भरणी कमी, तो गरम जळणार. ह्या कोऱ्या ओढीतली चवही टिपा: गवत, मनुका, कोको, तबेला, जे असेल ते.

पेटवताना ज्योत टोकाला टेकवायची नाही. दोन सेंमी खाली धरा, सिगार तिरपा ठेवून फिरवत राहा. आधी कड काळी होऊ द्या, मग मधला भाग. वीस-तीस सेकंद लागतात. मग तोंडात घेऊन ओढत ओढत एकदा ज्योत जवळ आणा. टोकावर फुंकून पाहा, निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. मेणबत्ती, पेट्रोलचा लायटर, काडीचं गंधक जळण्याआधीची ज्योत, ह्या तिन्हींचा वास थेट आत जातो. पहिले पाच मि.मी. चवीच्या हिशेबात धरायचे नाहीत, तिथे लायटरची चव असते.

आता वेग. एक झुरका दोन-तीन सेकंदांचा, दोन झुरक्यांत ४५ ते ६० सेकंद. पहिले ३२ मि.मी. १८ ते २२ मिनिटांत जळायला हवेत. बारा मिनिटांत संपले तर तुम्ही घाई करताय आणि पुढे येणारा कडवटपणा सिगारचा नाही, तुमचा. उलट अर्ध्या तासाने ३२ ला पोहोचलात तर तो मधेमधे विझत होता.

धूर तोंडात तीन-चार सेकंद फिरवून सोडा. दर चार-पाच झुरक्यांनी एकदा रेट्रोहेल करा: बहुतेक धूर तोंडातून सोडून द्या आणि उरलेला पाव भाग हळूच नाकातून बाहेर काढा. फुफ्फुसात जाऊ द्यायचा नाही. काळी मिरी, जायफळ, लाकूड यांतला फरक नाकात कळतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते. सेरी डीच्या सुरुवातीला पूर्ण धूर नाकातून काढू नका, डोळ्यांतून पाणी येईल.

लिगेरो

चवीच्या शब्दांबद्दल राहिलं होतं. इंग्रजी यादी पाठ करण्यात अर्थ नाही, आपल्या नाकाला जे ठाऊक आहे तेच लिहा. 'लेदर' म्हणजे नव्या कोल्हापुरी चपलांचं दुकान. 'बार्नयार्ड' म्हणजे कोरडा गोठा: कडबा, शेणी, जनावराचं ऊबदार अंग. ऐकायला कसंतरी वाटतं, पण जुन्या क्युबन सिगारमध्ये तो गुण धरतात. 'अर्थ' (earth, माती) म्हणजे पहिल्या पावसानंतरचं अंगण नव्हे. हा वास जास्त दमट असतो, कुंडीतली काळी माती उकरल्यावर येतो तो. 'सीडर' म्हणजे शिसपेन्सिल तासताना येणारा वास. 'टोस्ट' म्हणजे तव्यावर जरा जास्त भाजलेली भाकरी. 'नट' म्हटलं की भाजके शेंगदाणे, काजूगर आणि कच्चा बदाम यांतलं नेमकं कोणतं ते लिहा. 'स्पाइस' हा शब्द वहीत नकोच. मिरी, लवंग, जायफळ, दालचिनी, सुकी मिरची या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक मराठी माणसाला कोणी शिकवायला नको.

पार्तागासची ओळख माती, चामडं आणि मिरी. सेरी डी नंबर ४ मध्ये साधारणपणे सुरुवातीला मिरीचा फटका, मधे भाजलेली कॉफी आणि लाकूड, शेवटी काळी माती आणि कडसर कोको असा प्रवास अपेक्षित असतो. पण ही अपेक्षा वाचून मग ओढलात तर तेच सापडणार. तेव्हा आधी स्वतःचं लिहा, मग हा परिच्छेद परत वाचा.

नोंद लांबलचक नको. अशी पुरते:

'पहिला भाग, २० मि.: मिरी (नाकात जास्त), चामडं. धूर दाट. ताकद ३/५. जळण सरळ. दुसरा, १९ मि.: मिरी बसली, काळी कॉफी, शिसपेन्सिल. एकदा टचअप (मागे राहिलेला काठ ज्योतीने जाळला). तिसरा, १७ मि.: माती, कडू कोको, शेवटी तोंड कोरडं. ताकद ४/५. चव तोंडात १५ मिनिटं राहिली.'

शेवटचं वाक्य विसरू नका. सिगार ठेवून दिल्यावर चव किती वेळ टिकते आणि ती हवीशी असते की राखेची, यावर चांगला आणि थोर यांतला फरक ठरतो. ताकदीचा आकडा मात्र संपल्यावर दहा मिनिटांनी लिहा. निकोटीन उशिरा पोहोचतं.

जेवणानंतर तासा-दीड तासाने बसा. ठेचा, पान, मसाला चहा त्याआधी नको. सोबत साधं पाणी. रम किंवा कॉफी घेतलीत की मत जोडीबद्दल होतं, सिगारबद्दल नाही. रिकाम्या पोटी तर हा सिगार पेटवूच नका.

धूरकेतू

गुणांची पद्धत हवी असेल तर ही घ्या: बांधणी १५, ओढ आणि जळण २५, चव ४०, शेवट आणि टिकाव २०. शंभरात ९० च्या वर फार क्वचित द्या.

आणि एकट्या सेरी डीवर मत बनवू नका. बाजूला तुलनेचा सिगार हवा. पाद्रोन १९६४ अॅनिव्हर्सरी चांगला, तो पूर्ण निकाराग्वाच्या पानांचा, चौकोनी दाबलेला, चार वर्षं मुरवलेल्या तंबाखूचा. तोही भरीव, पण त्याचा कल कोको आणि गोडव्याकडे. दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही ओढलेत की 'क्युबन माती' म्हणजे काय ते न सांगता कळतं.

मीठभाकर

शंभर गुणांशी असहमत. बेरीज लबाड असते. तिसरा भाग साफ बिघडलेला सिगार पहिल्या दोन भागांच्या जोरावर ८८ मिळवून जातो आणि तुम्ही पुढचा डबा मागवता. प्रत्येक भागाला वेगळा दहापैकी आकडा द्या, बेरीज करू नका. बेरीज करायचीच असेल तर निदान तीन सिगारवरून करा. हाताने वळलेला माल आहे, एका नगावर मत देणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा. इथे ती म्हण चालत नाही, कारण प्रत्येक शीत वेगळ्या हाताने शिजवलेलं असतं.

आंधळी चाचणीही करून बघा. 'सिगार अफिसिओनादो' मासिकाची परीक्षक मंडळी मूळ पट्टी (सिगारभोवतीचं नावाचं कागदी कडं) काढून, नंबर घातलेले सिगार ओढतात. घरी पट्टी काढू नका. डिंक रॅपरला चिकटला असेल तर पान फाटतं. त्याऐवजी दुसऱ्या कोणाला पट्टीवर कागद गुंडाळायला सांगा. एरवी पट्टी काढायचीच तर पहिला भाग जळल्यावर, ऊब पोहोचून डिंक सैल झाला की.

धूरकेतू

भागवार आकडे मान्य. पण बांधणीला वेगळे गुण हवेतच. नाहीतर घट्ट ओढीचा राग चवीवर निघतो.

कोकणकडा

दोष दुरुस्त कसे करायचे हे कोणी सांगितलं नाही, म्हणून थोडक्यात.

बोगदा: आतला निखारा पुढे, रॅपर मागे. कारण बाहेरचं पान ओलं, किंवा झुरके फार लांब लांबून. राख झाडा, पुढे राहिलेला न जळलेला काठ ज्योतीने हलकेच जाळून निखाऱ्याच्या पातळीला आणा, मग दोन मिनिटं जरा जवळजवळ झुरके घ्या. फार खोल गेला असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा पेटवा. तुमचा दुसरा सिगार साठवणीचा बळी आहे.

होडी: एक बाजू मागे. मागची बाजू खाली धरा, एखाद-दोन मिनिटं वाट बघा. निखाऱ्याला खालून हवा मिळते, बऱ्याचदा आपोआप सरळ होतं. लगेच टॉर्च घेऊन धावायचं नाही, प्रत्येक टचअपने त्या बाजूची चव जळते.

घट्ट ओढ: आधी दोन-तीन मि.मी. जास्त कापून बघा. नाही जमलं तर सिगारची लांब सुई मिळते, ती डोक्याकडून मधोमध, फिरवत फिरवत ३-४ सेंमी आत घालून बाहेर काढा. विणकामाची सुई वापरायची तर पातळ घ्या. जाड सुईने रॅपर उकलतो. मूळ कारण बहुधा वळताना पानं पिळली जाणं किंवा पुस्तकासारखी एकावर एक दुमडून भरणं. पान नळीसारखं गुंडाळून भरलं तर हवेला वाट राहते, पण ते काम सावकाश होतं. तुमचा तिसरा सिगार ओलाव्याने फुगलेला असू शकतो किंवा जन्मतःच तसा. ड्राय-बॉक्सिंगनंतरही बाकीच्यांत असा निघाला तर तो दोष कारखान्याचा.

मधेच येणारा कडवटपणा: पर्ज करा. सिगार तोंडात धरून आतून बाहेर हळू, सलग फुंकर मारा, दोन-तीन सेकंद. टोकाजवळ लायटर धरला तर कोंडलेले वायू क्षणभर पेटलेले दिसतात. मग एक मिनिट हात लावू नका. यानेही गेला नाही आणि नाकात अमोनिया, म्हणजे मोरीतल्या क्लीनरसारखं झोंबणारं काही आलं, तर सिगार कच्चा आहे. डब्याच्या तळाशी शाईच्या शिक्क्याने स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि वर्ष उमटवलेलं असतं. सहा-आठ महिन्यांपूर्वीचाच असेल तर वर्षभर झोपू द्या.

विझला तर अर्ध्या तासाच्या आत राख झाडून, फुंकर मारून पुन्हा पेटवा. त्यानंतर चव शिळी होते आणि त्या सिगारचं मूल्यमापन तिथेच थांबवा.

डबा खरा आहे ना, तेही पाहा. तळावर 'हाबानोस एस.ए.', 'एचो एन कूबा' आणि 'तोताल्मेन्ते आ मानो' हे ठसे भाजून उमटवलेले असतात, कागदी चिकटवलेले नसतात. हमी-शिक्क्यावरचा बारकोड क्रमांक हाबानोसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. काचेच्या झाकणाचा 'क्युबन' डबा दिसला की पुढे बोलायची गरज नाही. बाहेरून आणत असाल तर सामानात शुल्काविना २५ सिगारपर्यंतच.

चक्कर, थंड घाम, मळमळ सुरू झाली तर ती निकोटीनची. सिगार खाली ठेवा, लिंबू सरबत जरा जास्त साखर घालून घोट घोट घ्या, बसून राहा. 'दोनच झुरके राहिलेत' करू नका. छातीत घेत नाही म्हणून तोंडाचा-घशाचा कर्करोग सूट देत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. बाल्कनीत बसत असाल तर शेजारच्या खिडकीचाही विचार करा.

पर्वतीपायथा

मिठाची चाचणी केली. काटा ७० दाखवत होता मिठावर! म्हणजे डब्यात ७५. पाकिटंही फुगलेली निघाली. ६५ ची मागवली, दोन्ही कटर आणि सोनारी काटा तयार आहे. एक शंका राहिली: राख तीन सेंमी टिकली नाही तर बांधणीचे गुण कापायचे का? आणि राख पांढरी नसून करडी असेल तर?

धूरकेतू

रंगावरून गुण कापू नका. राख पांढरी होते ती जमिनीतल्या मॅग्नेशियममुळे. त्याने शेतीचं कळतं, चवीचं नाही. टिकण्यावरून थोडे कापा: लांब पानांचा नीट भरलेला रोबुस्तो दोन-अडीच सेंमी राख सहज धरतो. एका सेंमीवरच भुकटी होऊन पडत असेल तर भरणी ढिली किंवा तुकड्यांची. पण राख धरून ठेवण्याची शर्यत नको. अडीच सेंमीला राखदाणीच्या काठावर टेकवून पाडा, नाहीतर ती शर्टावर पडेल आणि निखारा झाकलेला राहून जळण वाकडी होईल.

मीठभाकर

७५ मधून ६२ वर एकदम नेऊ नका, रॅपर आधी आक्रसेल आणि फाटेल. फुगलेली पाकिटं आजच काढा. ६५ ची आली की ती टाकून तीन आठवडे बंद. त्यातला पहिला आठवडा दिवसाआड एकदा पाकिटं चाचपा, पाणी पिऊन टम्म झाली असतील तर बदला. मग वजनाने मधला असलेला सिगार काढा, दोन दिवस ६२ ला ठेवा, आणि त्याच्यापासून सुरुवात करा. सर्वांत जड असलेला शेवटून दुसरा.